नोटरीसाठी तालीम

नाटक कंपनीत तिला सगळे कुजबुजेबाई म्हणायचे. खरं आडनाव वेगळंच होतं, पण एकतीस वर्षं विंगेत उभं राहून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? मेकअपमनने गमतीत ठेवलेलं हे नाव इतकं चिकटलं की दौऱ्यावरच्या लॉजच्या नोंदवहीतही कोणीतरी तेच लिहून मोकळं व्हायचं. ती दुरुस्त करत नसे. दुरुस्त करायचं तर काउंटरपर्यंत जाऊन मोठ्याने बोलावं लागलं असतं.

तिची मोठी बहीण मात्र बाईसाहेब. कंपनीची मुख्य नटी. पोस्टरवर सगळ्यात वर, पगारपत्रकात सगळ्यात वर, आणि बसमध्ये खिडकीची पहिली सीट तिची. घरात ती ताई आणि ही धाकटी. आपणही हिला धाकटीच म्हणू. ताईने तिला नावाने हाक मारली असेल तर ती लहानपणी कधीतरी, आणि ते दोघींनाही आठवत नव्हतं.

प्रॉम्प्टरचं काम सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते कधी केलेलं नसतं. आवाज नटाच्या कानापर्यंत जायला हवा आणि पहिल्या रांगेपर्यंत जाता कामा नये. नट थांबला तर तो टाळीसाठी थांबलाय, श्वासासाठी थांबलाय की त्याच्या डोक्यात अंधार झालाय, हे अर्ध्या क्षणात ओळखावं लागतं. पहिल्या दोन थांब्यांना तोंड उघडलं तर नट मध्यंतरात शिव्या घालतो. तिसऱ्या थांब्याला उघडलं नाही तर सगळी कंपनी घालते. धाकटीचं यात कधी चुकलं नाही. ताईपुरती तर त्यांच्यात एक खूणच होती. ताई अडली की कानाच्या पाळीला हात लावायची. प्रेक्षकांना ती अदा वाटे. कित्येक पोरी आरशासमोर तसा हात लावून बघत असतील. त्यांना काय माहीत, की ती अदा म्हणजे विंगेतल्या बहिणीला मारलेली हाक आहे.

एकदा ताईचा घसा बसला. अगदी शब्दही फुटेना. बाहेर हाउसफुल्लचा बोर्ड लागलेला. मॅनेजर धाकटीकडे बघून म्हणाला, हिला सगळं पाठ आहे, हिलाच उभी करू. धाकटी तेव्हा सव्वीस वर्षांची होती, आणि त्या पाच मिनिटांत तिने आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा लिपस्टिक लावून घेतली. ताईने चिठ्ठीवर लिहिलं, ‘प्रयोग रद्द करा.’ लोक बडबडत घरी गेले. आठ दिवसांनी आवाज परत आल्यावर ताई म्हणाली, “तुझा आवाज पोचत नाही गं. हसं झालं असतं तुझं. तुझ्यासाठीच केलं मी.” धाकटीला ते पटलं. नुसतं पटलं असतं तरी ठीक होतं, तिने ताईचे आभारसुद्धा मानले.

आता कंपनी बंद होऊन बारा वर्षं झाली होती. ताई अठ्ठ्याहत्तरची, धाकटी एकोणसत्तरची. घर ताईच्या नावावर: दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक चिंचोळी बाल्कनी. पुढच्या खोलीत ताई. मागच्या खोलीत ताईचे पोशाख, मानचिन्हं आणि फ्रेम केलेले फोटो. धाकटी स्वयंपाकघरात, फोल्डिंगच्या खाटेवर. खाट सकाळी उभी करून फ्रिजमागे सरकवली की रात्री इथे कोणी झोपलं होतं याचा पत्ता लागत नसे. पोशाखांना हवा लागावी म्हणून मागच्या खोलीची खिडकी मात्र रोज उघडी ठेवायची, असा ताईचा हुकूम होता.

आणि हे घर ताईच्या पश्चात जाणार होतं भाच्याला. ते असं झालं. नऊ वर्षांपूर्वी ताईचा एक सत्कार झाला. त्यांच्या गेलेल्या भावाचा मुलगा त्या दिवशी गाडी घेऊन आला, ताईला हाताला धरून स्टेजवर नेलं, खाली उतरवलं, आणि सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला. ताई विरघळली. पंधरा दिवसांत वकील घरी बोलावून तिने मृत्युपत्र केलं आणि घर भाच्याच्या नावे लिहून दिलं. त्या दिवशी वकिलाला चहा धाकटीनेच दिला. साक्षीदाराचं पेन चालेना तेव्हा पेनही तिनेच आणून दिलं.

भाचा त्यानंतर वर्षातून एकदा यायचा, फळांची पिशवी घेऊन. यंदा तो पिशवीबरोबर मोजपट्टीही घेऊन आला. स्वयंपाकघराची लांबी-रुंदी मोजली, भिंतीवर टिचकी मारून बघितली, आणि म्हणाला, “ही पाडली की हॉल मस्त मोठा होईल.” मग खाटेकडे बघून अगदी प्रेमाने विचारलं, “आत्या, तुमचं पुढचं काय ठरलंय?”

धाकटीने चहाचे कप उचलले. त्या दिवशी तिच्या हातून एक फुटला.

तो गेल्यावर ताईनेच विषय काढला. हे नीट लक्षात ठेवलं पाहिजे. विषय ताईने काढला. “रडतेस काय वेड्यासारखी? मी त्याला लिहून दिलं तेव्हा हवेत होते. घर तुझंच. नवा कागद केला की जुना आपोआप रद्द होतो. तू नोटरीची वेळ घे.” धाकटीने ताईचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ती फोनजवळ होती.

नोटरीच्या ऑफिसातल्या कारकून बाईने यादी सांगितली. ओळखपत्र, घराचे कागद, फोटो, वय जास्त म्हणून डॉक्टरांचा दाखला, आणि दोन साक्षीदार, ज्यांना कागदातून काहीही मिळणार नाही असे. “आणि साहेब आजींशी स्वतः बोलतील. ज्यांना घर मिळणार त्यांनी आत बसायचं नाही. आजींनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं. नाही सांगता आलं तर साहेब करत नाहीत. फार कडक आहेत त्या बाबतीत.”

शेवटची अट धाकटीने दोनदा विचारून घेतली. कारण ताई हल्ली विसरत होती. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने विचारायची, आज जेवायला नाही का? धाकटीला कधी आईच्या नावाने, कधी जुन्या ड्रेसवालीच्या नावाने हाक मारायची. अकरा दिवसांनंतरची वेळ मिळाली होती. अकरा दिवसांत तिच्याकडून सगळं पाठ करून घ्यायचं, आणि तेही असं की पाठ केल्यासारखं वाटू नये. दुसरं कोणी असतं तर हबकून गेलं असतं. धाकटीने दुकानात जाऊन दोनशे पानी वही आणि लाल पेन्सिल आणली.

वहीचं पान तिने मधोमध रेघ मारून दोन भागांत केलं. डावीकडे नोटरीचा प्रश्न, उजवीकडे ताईचं उत्तर. नाव, वय, आजची तारीख, कशासाठी आलात, आधी मृत्युपत्र केलं होतं का, कोणाच्या दबावाखाली आहात का. सातवा प्रश्न होता, घर कोणाला द्यायचं आहे. उत्तर: माझ्या धाकट्या बहिणीला, तिने माझं आयुष्यभर केलं म्हणून. लाल पेन्सिलीने तिने मध्ये सूचना लिहिल्या. ‘इथे थांबावे.’ ‘साहेबांकडे बघावे.’ सातव्या उत्तरापुढे लिहिलं, ‘डोळ्यांत पाणी आले तर चालेल.’ नाटकाची वही ती अशीच तयार करायची. यात काही गैर आहे असं तिच्या मनालाही शिवलं नाही. ताईच्या मनातलंच तर होतं सगळं, फक्त ते वेळेवर ओठांवर यायला हवं होतं.

मग ती ऑफिस बघून आली. नव्या गावात नवं थिएटर लागलं की ती दुपारीच जाऊन विंग बघून यायची, तशीच. फोटोची साइज विचारायचं निमित्त केलं. बाहेर बाक, कारकून बाईचं टेबल, आणि साहेबांच्या खोलीला लाकडी पार्टिशन, वर दुधी काच. बाकाच्या टोकाला, पार्टिशनच्या कोपऱ्यात, जुन्या टेलिफोनच्या वायरसाठी पाडलेलं एक भोक होतं. वायर काढलेली, भोक तसंच. धाकटी बाकाच्या टोकावर बसली, चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक करत वाकली आणि भोकातून बघितलं. समोरच्या खुर्चीत बसणाऱ्याचा उजवा कान बरोबर दिसला. हातभर अंतर. कुजबुज पोचायला तेवढं पुरे. तिला इतका आनंद झाला की घरी येताना तिने ताईला आवडतात ती क्रीमची बिस्किटं घेतली.

तालीम रोज सकाळी सातला सुरू व्हायची. पहिले सहा प्रश्न ताईला दुसऱ्या दिवशी तोंडपाठ झाले. सातव्याला गाडी अडायची.

“घर कोणाला द्यायचं आहे?” धाकटी नोटरीच्या आवाजात विचारायची.

“कोणाला बरं?” ताई छताकडे बघायची. “त्या फळंवाल्याला का?”

तिसऱ्या दिवशी असंच झालं तेव्हा चहाचा कप ताईसमोर ठेवलेला होता. ताईने कानाला हात नेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा धाकटीने लगेच वाक्य दिलं नाही. तिने कप मागे ओढला. “आधी उत्तर. मग चहा.”

ताई बघत राहिली. चहावर साय धरली. धाकटीने ती चमच्याने बाजूला केली आणि तरीही कप पुढे केला नाही. वीस मिनिटांनी तिने स्वतःच उत्तर सांगितलं, ताईने ते म्हटलं, आणि मग तो गार चहा तिला मिळाला.

इथे लपवण्यासारखं काही नाही. धाकटीला बरं वाटलं. एकतीस वर्षं आणि वर ही बारा, त्या बाईच्या तोंडाकडे बघत ती जगली होती, आणि आता ती बाई हिच्या तोंडाकडे बघत होती. चौथ्या दिवशी तिने चहाबरोबर बिस्किटंही मागे ठेवली. पाचव्या दिवशी रेडिओ उचलून फ्रिजवर ठेवला, जिथे ताईचा हात पोचत नसे. सातव्या दिवशी चष्मा. नवव्या दिवशी ती म्हणाली, “उभी राहून म्हण. बसून आवाज दबतो.” ताईचे गुडघे गेलेले होते. ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली, थरथरत, आणि सातव्या प्रश्नाला पुन्हा म्हणाली, “कोणाला बरं?”

“कोणाला बरं काय? कोण उठतं पहाटे पाचला तुझ्यासाठी? कोण धुतं तुझं? बोल.”

“ओरडू नकोस. ऐकू येतं मला.”

“मी ओरडत नाहीये,” धाकटी म्हणाली, आणि खरंच ती ओरडत नव्हती. तिचा सगळा संताप कुजबुजीतच होता. तिला दुसरं काही येतच नव्हतं.

डॉक्टरांकडे मात्र ताईने कमाल केली. शंभरातून सात वजा करत करत ती दोनपर्यंत आली आणि वर डॉक्टरांना म्हणाली, अजून करू का, आता शून्याखाली जावं लागेल. डॉक्टर हसून दाखल्यावर शिक्का मारते झाले. धाकटीला वाटलं, तालमीचा गुण.

साक्षीदार म्हणून तिने खालचा औषधांचा दुकानदार ठरवला होता, आणि दुसरा मेकअपमन. तो आता पंच्याहत्तरचा होता, केस अजून काळेभोर रंगवायचा. धाकटीने त्याला सगळं सांगितलं. वही दाखवली. त्याने दोन पानं वाचून वही मिटली.

“विसरते म्हणतेस,” तो म्हणाला. “नक्की काय विसरते?”

“सातवा प्रश्न.”

“रोज?”

“रोज.”

“बरोबर सातवाच?” त्याने वही परत दिली. “बघ बाई. चाळीस वर्षं तिच्या तोंडाला रंग लावलाय मी. त्याच्याखाली काय चाललंय ते मला कधी कळलं नाही, पण काहीतरी चाललेलं असायचं एवढं कळायचं.”

धाकटीला राग आला. ताईबद्दल वाकडं बोललेलं तिला खपत नसे, निदान दुसऱ्याने बोललेलं. “तू फक्त सही करायला ये,” ती म्हणाली. तो आला. येताना पेटी घेऊन आला आणि ताईच्या गालांवर हलका रंगही लावून दिला.

अकराची वेळ होती. टॅक्सीतून उतरताना ताईने पर्स स्वतःच्या काखेत घट्ट धरली होती, धाकटीला धरू दिली नाही. नोटरीसाहेब पन्नाशीचे, मऊ बोलणारे, पेनचं टोपण पुन्हापुन्हा लावणारे. ताईला बघून ते चक्क उठून उभे राहिले. लहानपणी आईबरोबर त्यांनी तिची दोन नाटकं बघितली होती. ताई खुर्चीत बसली आणि तिची पाठ आपोआप ताठ झाली. साक्षीदार भिंतीशी बसले. दार लागलं. कारकून बाई ओळखपत्रांच्या झेरॉक्स काढायला बाहेर गेली, आणि धाकटी बाकाच्या टोकाला सरकली. वाकली. तिचे गुडघेही काही ताईपेक्षा फार चांगले नव्हते. शेवटी ती जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि तोंड भोकाजवळ नेलं.

आत सगळं झकास चाललं होतं. नाव, वय, तारीख, वारसुद्धा. कशासाठी आलात? नवं मृत्युपत्र करायला. आधीचं? नऊ वर्षांपूर्वीचं, भाच्याच्या नावे. कोणाचा दबाव? ताई इथे थांबली, वहीत लिहिल्याप्रमाणे, आणि म्हणाली, “माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्माला यायचाय.” हे वहीत नव्हतं. साहेब हसले. धाकटीलाही बाहेर हसू आलं.

“आणि घर आपल्याला कोणाला द्यायचं आहे?”

ताई थांबली. हा थांबा टाळीसाठीचा नव्हता, श्वासाचाही नव्हता. ताईचा हात हळूहळू वर गेला आणि कानाच्या पाळीवर टेकला.

“माझ्या धाकट्या बहिणीला,” धाकटी भोकातून म्हणाली.

ताई गप्प. बोटं पाळीवरच.

“माझ्या धाकट्या बहिणीला. तिने माझं आयुष्यभर केलं म्हणून.” किंचित वर. इतकं वर ती एकतीस वर्षांत कधी गेली नव्हती.

साहेबांनी टोपण टेबलावर ठेवलं.

“ऐकलंत ना साहेब?” ताई म्हणाली. स्वच्छ, मोकळा, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज. “मला वाटलं, मलाच भास होतात. रोज सकाळी सातपासून हेच चालतं. आणि हे बघा.” तिने पर्स उघडली आणि दोनशे पानी वही टेबलावर ठेवली.

साहेबांनी चष्मा लावला. पानं उलटली. एक ओळ त्यांनी नकळत मोठ्याने वाचली. “‘डोळ्यांत पाणी आले तर चालेल.’” औषधवाला दुकानदार फस्सकन हसला आणि मग त्याने तोंडावर हात ठेवला. मेकअपमन स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

“उत्तर आलं नाही तर चहा नाही,” ताई पुढे म्हणाली. “चष्मा काढून घेते. परवा उभं केलं मला, या गुडघ्यांवर.”

यातला शब्दन् शब्द खरा होता. धाकटीला एकही खोडून काढता आला नसता.

दार उघडलं तेव्हा ती अजून जमिनीवरच होती. एकोणसत्तर वर्षांच्या बाईला गुडघ्यांवरून झटकन उठता येत नाही. साहेब वरून तिच्याकडे बघत होते, झेरॉक्स घेऊन परतलेली कारकून बाई मागून बघत होती.

“काय करताय हे?”

“तिच्याच मनातलं आहे हो,” धाकटी म्हणाली. “तीच म्हणाली होती. वेळ घे म्हणून तीच म्हणाली.”

“काय? मोठ्याने बोला. मला काही ऐकू येत नाही.”

तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा ऐकू गेलं नाही. शेवटी साहेबांनी हाताने थांबवलं.

ते वाईट माणूस नव्हते, म्हणूनच त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. “असेलही त्यांच्या मनात. पण आता ते मला कळायचा रस्ता तुम्हीच बंद केलात. मी हा कागद करणार नाही. आणि जे दिसलं ते मला रजिस्टरमध्ये लिहावं लागेल. वहीच्या झेरॉक्स जोडाव्या लागतील. उद्या तुम्ही दुसरीकडून कागद करून आणलात, तरी जुन्या कागदावर ज्यांचं नाव आहे ते कोर्टात ही नोंद दाखवतील, आणि तुमचा कागद टिकणार नाही. हे समजतंय ना तुम्हाला?”

धाकटीने मान हलवली. समजत होतं. वाक्यं एकदा ऐकली की तिच्या डोक्यातून जात नसत.

“आधीचंच राहू दे साहेब,” ताई खुर्चीतून म्हणाली. “उगाच तुम्हाला त्रास दिला.”

निघताना कारकून बाईने लाजत डायरी पुढे केली. तिच्या आईला ताई फार आवडायची. ताईने डायरीत लपेटदार सही केली, खाली तारीख घातली. त्या ऑफिसात त्या दिवशी तिने केलेली सही ती एवढीच.

परतताना तिघं एकाच टॅक्सीत होती. मेकअपमन वाटेत एका कोपऱ्यावर उतरला आणि पेटी घेऊन मागे न बघता गेला. घरी आल्यावर ताई तिच्या खुर्चीत बसली, पाय स्टुलावर ठेवले. धाकटी दारातच उभी राहिली. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

“तुला आठवत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“सातवं. पहिल्या दिवसापासून आठवत होतं.”

“न आठवायला काय झालंय?” ताईने गालावरचा रंग रुमालाने पुसायला घेतला. “जेवण झालेलं विसरते मी कधीकधी. वाक्य नाही विसरत.”

“मग मला नोटरीची वेळ घ्यायला का सांगितलंस?”

“त्या दिवशी खरंच द्यायचं होतं.” ताईने रुमालाची दुसरी बाजू घेतली. “खोटं नाही सांगत. तू रडत होतीस, मला वाईट वाटलं. मग तू कप मागे ओढलास.”

ताईने रुमाल घडी करून मांडीवर ठेवला.

“कागद झालेला नव्हता तेव्हा तू माझा चहा गार केलास. चष्मा काढून घेतलास. झाल्यावर काय केलं असतंस? सांग ना. माझ्या पहिल्या हाकेला उठली असतीस? का पडून राहू दिलं असतंस मला ओल्या अंथरुणात?”

हा प्रश्न वहीत नव्हता. धाकटीने तो स्वतःला कधी विचारलाही नव्हता. आता ती उत्तर शोधत राहिली, आणि भीती अशी वाटली की ते सापडेल. सहा दिवस फ्रिजवरच्या रेडिओकडे बघताना तिला जे सुख झालं होतं, ते काही कागदाच्या काळजीचं सुख नव्हतं. ताईला ते तिच्या आधी कळलं होतं. ताईला माणसांमधलं असलं काही फार लवकर कळायचं, आणि कळलं की ती त्याचा उपयोग करायची. मोठी नटी ती उगाच झाली नव्हती.

“मला आता कुठे ठेवणार तो?” धाकटी म्हणाली. “भिंत पाडल्यावर?”

“मी असेपर्यंत पाडत नाही तो. म्हणून माझी तब्येत जप.” ताई अगदी सहज म्हणाली. मग तिचा सूर मऊ झाला. कंपनीत पगार थकले की मॅनेजरचा व्हायचा, तसा. “आणि तोंड पाडून बसू नकोस. नोटरी काय एकच आहे का गावात? पुढच्या महिन्यात दुसऱ्याकडे जाऊ. नीट वागलीस तर करून टाकू तुझ्या नावावर. ये, पाय चेप जरा. उभी केलीस तेव्हापासून ठणकतायत.”

रजिस्टरातली नोंद धाकटीने स्वतः ऐकली होती. दुसरा नोटरी, तिसरा नोटरी, कोणीही कागद केला तरी तो टिकणार नव्हता. हे ताईला माहीत होतं. धाकटीला माहीत आहे हेही ताईला माहीत होतं. एखादी बाई अशा वेळी, चपला पायात होत्याच तर, त्याच पावली बाहेर पडली असती. पण एकोणसत्तराव्या वर्षी बाहेर पडून कुठे जायचं असतं, हे सांगणारं कोणी तिथे नव्हतं.

तिने चपला काढल्या. स्टुलाशी खाली बसली, ताईचा डावा पाय मांडीवर घेतला आणि घोट्यापासून चेपायला सुरुवात केली. ताईने समाधानाने मान मागे टाकली.

“सकाळची वेळ घेऊ,” धाकटीने विचारलं, “की दुपारची?”

ताईचे डोळे मिटले होते. धाकटी उत्तराची वाट बघत पाय चेपत राहिली.